आकस्मिक मरण आणि सावकाश मरण : मागे राहिलेल्यांसाठी एक धडा



भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यात सानगडी हा गाव आहे. तेथे जुना किल्ला आहे आणि सभोवती धानाच्या बांध्या आहेत. ह्या भागात मरण दोन वाटांनी घरात शिरते. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकलेल्या मनुष्याला साप डसतो किंवा त्याच्यावर वीज पडते; मोहफुले वेचावयास पहाटे रानात गेलेली बाई परत येत नाही; हमरस्त्यावर मालमोटारीची ठोकर बसते. घरी चुलीवर भात शिजत असतो आणि अंगणात निरोप्या येऊन उभा राहतो. ही एक वाट. दुसऱ्या घरी क्षय, कर्करोग, पक्षाघात, किंवा पूर्व विदर्भात ज्याचे रोगी पुष्कळ आहेत तो सिकलसेलचा आजार महिनोन्‌महिने खाटेजवळ ठाण मांडून बसतो. घरची माणसे रात्री जागतात, बैलजोडी विकतात, नागपूरच्या खेपा करतात, आणि शेवटी एके पहाटे श्वास थांबतो. ही दुसरी वाट.

मग प्रेतविधीहून परतताना लोक आपसांत विचारतात, ह्यांपैकी कोणते मरण बरे? मागे राहिलेल्यांना कोणते सोसावयास सोपे? उपदेशकालाही हा प्रश्न लोक विचारतात, आणि त्याने दिलेले उत्तर दुःखी घरात पुष्कळ दिवस राहते. म्हणून ह्या धड्यात आपण त्याचा शांतपणे विचार करू.

१. एका प्रश्नात दोन प्रश्न

पहिली गोष्ट ही की, मरणाऱ्याला काय बरे आणि मागे राहणाऱ्याला काय बरे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण ते नेहमी एकात मिसळतो. रोमचा सेनापती जूलियस सीझर ह्याच्याविषयी प्राचीन चरित्रकारांनी असे लिहून ठेवले आहे की, त्याचा वध होण्याच्या आदल्या रात्री भोजनाच्या वेळी कोणते मरण उत्तम अशी चर्चा निघाली, तेव्हा त्याने अनपेक्षित मरणाला पसंती दिली. दुसऱ्या दिवशी त्याला तेच लाभले. उलटपक्षी, इंग्लंडच्या मंडळीच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात आकस्मिक मरणापासून सुटका व्हावी म्हणून विनंती आहे. कारण त्या काळच्या विश्वासणाऱ्यांना तयारीवाचून देवासमोर उभे राहण्याचे भय वाटे. आज आपल्या गावांतील वृद्ध म्हणतात, "चालता-बोलता जावे, कोणाच्या हाताखाली पडू नये." म्हणजे सीझराचीच इच्छा आज घरोघरी ऐकू येते.

परंतु ही सर्व मरणाऱ्याच्या बाजूची बोलणी आहेत. चालता-बोलता गेलेल्या मनुष्याच्या बायकोला विचारा. तिच्या धन्याला यातना झाल्या नाहीत ह्याचे तिला समाधान असते, पण तिच्या स्वतःच्या यातना त्या क्षणापासून सुरू होतात. जाणाऱ्याला जे सोपे गेले ते राहणाऱ्याला सोपे जाईलच असे नाही. हा भेद लक्षात ठेवून आपण पुढे जाऊ.

२. एकाच बापाची दोन दुःखे

पवित्र शास्त्रात एकाच मनुष्याला दोन्ही प्रकारांनी पुत्रवियोग झाल्याची हकीकत आहे. दुसऱ्या शमुवेलाच्या बाराव्या अध्यायात दावीद राजाचे लहान मूल आजारी पडते. सात दिवस दावीद उपास करतो, भुईवर पडून राहतो, घरच्या वडिलांनी उठवले तरी उठत नाही. सातव्या दिवशी मूल मरते. चाकर ही गोष्ट सांगावयास भितात. त्यांना वाटते, मूल जिवंत असता ह्याने कोणाचे ऐकले नाही, आता तर हा स्वतःला काही करून घेईल. पण त्यांची कुजबूज पाहून दावीद ओळखतो, स्नान करतो, वस्त्रे बदलतो, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन उपासना करतो आणि मग जेवतो. लोकांना नवल वाटते. तो त्यांना समजावतो की, मूल जिवंत होते तोवर रडण्याला व विनवणीला अर्थ होता. आता ते परत येणार नाही, मीच त्याच्याकडे जाईन.

अठराव्या अध्यायात हाच दावीद वेशीच्या दोन दरवाजांमध्ये बसून लढाईच्या बातमीची वाट पाहत आहे. धावणारे येतात. जय झाला की नाही हे तो विचारीत नाही. तरुण अबशालोम सुखरूप आहे ना, एवढेच विचारतो. बातमी कळताच तो वेशीवरच्या माडीत जाऊन पुत्राचे नाव घेऊन इतका आक्रोश करतो की, जिंकून आलेले लोक चोरासारखे नगरात शिरतात आणि यवाबाला येऊन राजाची कानउघाडणी करावी लागते.

दोहोंत अंतर कशाचे? पहिल्या प्रसंगी सात दिवस होते. त्या सात दिवसांत बापाने करावयाचे ते सर्व केले. त्याचे रडणे मरणाआधीच पुष्कळसे रडून झाले होते. दुसऱ्या प्रसंगी काही करावयाला अवसर मिळाला नाही. आणखी एक गोष्ट होती, आणि ती वेळेपेक्षाही मोठी आहे. बापलेकांमधला कलह मिटलेला नव्हता. अबशालोम यरुशलेमेत दोन वर्षे राहूनही राजाचे मुख पाहू शकला नव्हता. पुढे भेट झाली, तरी मने जुळली नाहीत आणि बंड झाले. सांगावयाचे ते राहून गेले आणि सांगण्याची वाट कायमची बंद झाली. दाविदाच्या आक्रोशात हाही भाग होता, असे आम्हांस वाटते.

३. पुण्याच्या एका महालातील दोन मरणे

आपल्या महाराष्ट्रात ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९४२ च्या ऑगस्ट महिन्याच्या ९ तारखेस महात्मा गांधींना पकडून पुण्याच्या आगाखान महालात ठेवण्यात आले. त्यांच्याबरोबर महादेवभाई देसाई होते. १९१७ पासून पंचवीस वर्षे त्यांनी गांधींचे चिटणीस म्हणून काम केले होते. १५ ऑगस्टच्या सकाळी, अटकेनंतर अवघ्या सहाव्या दिवशी, हृदयविकाराने ते एकाएकी कोसळले व काही मिनिटांतच गेले. वय पन्नास. गांधी त्यांना हाका मारीत राहिले. त्यांनी स्वतः त्यांच्या देहाला स्नान घातले, महालाच्याच आवारात अग्निसंस्कार केला, आणि पुढे सुटका होईपर्यंत ते त्या समाधीपाशी जात असत. महादेवभाईंची पत्नी दुर्गाबेन व मुलगा नारायण त्या वेळी जवळ नव्हते. त्यांना अखेरचे दर्शनही घडले नाही.

त्याच महालात कस्तुरबांचे दुखणे सावकाश चालले. हृदयाचा व फुफ्फुसांचा विकार महिनोन्‌महिने बळावत गेला. मुलगे भेटीस येऊ शकले. पेनिसिलिन हे तेव्हा अगदी नवे व दुर्मीळ औषध होते. धाकटे चिरंजीव देवदास ह्यांनी ते मिळवून आणवले. परंतु जिचा अंत दिसत आहे तिला दर काही तासांनी सुया टोचू नयेत, असे गांधींचे मत पडले. २२ फेब्रुवारी १९४४ च्या संध्याकाळी पतीच्या मांडीवर डोके ठेवून त्या गेल्या.

ह्या मरणाची वाट घरच्यांनी अनेक आठवडे पाहिली होती. तरी काही दिवसांनी गांधींनी व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल ह्यांना लिहिलेल्या पत्रात कबूल केले की, तिची यातनांतून सुटका झाली म्हणून तिच्यासाठी हे मरण आपण स्वागतार्ह मानले, तरी तिची उणीव आपल्या अपेक्षेपेक्षा अधिक जाणवत आहे. वियोगाची तयारी करण्यात ज्याने आयुष्य घालवले त्या पुरुषाचा हा अनुभव आहे. तेव्हा सावकाश मरणाने दुःख हलके होते, असे सरसकट म्हणता येत नाही. त्यात हातून सेवा घडते, भेट होते, क्षमा मागता येते. पण घर रिकामे होते ते होतेच.

४. आकस्मिक मरणाचे विशेष ओझे

आकस्मिक मरणात पहिला घाव अविश्वासाचा असतो. "सकाळी तर बोलून गेले," हे वाक्य तोंडातून जात नाही. दुसरा घाव 'जर'चा. जर मी त्याला शेतावर पाठवले नसते, जर आदल्या रात्री भांडलो नसतो. तिसरा घाव व्यवहाराचा. सातबारा कोणाच्या नावे, कोणाचे देणे, कोणाकडून येणे, हे कोणालाच ठाऊक नसते. चौथा घाव, आणि तो बाहेरचे लोक घालतात, दोषारोपाचा. "घराण्यात काही पाप असेल," "नवस फेडला नसेल," "धर्म सोडला म्हणून झाले." ख्रिस्ती म्हणवणारेही कधी कधी असेच बोलतात. प्रभु येशूने ह्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असा प्रश्न त्याने स्वतःच करून त्याला नकार दिला. लूकाच्या तेराव्या अध्यायातील हा भाग उपदेशकाने तोंडपाठ ठेवावा.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटेपूर्वी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा तान्ही बालके गेली. सात वाचवण्यात आली. त्या मातांपैकी कितीएकींनी आपले मूल धडपणे मांडीवरही घेतले नसेल. असल्या मरणाला "देवाची इच्छा" असे चटकन नाव देऊन मोकळे होऊ नये. माणसांनी घ्यावयाची काळजी माणसांनीच घ्यावयाची असते, आणि जेथे ती घेतली गेली नाही तेथे विचारणा करणे हाही शोकाचा रास्त भाग आहे.

तरी आकस्मिक मरणाने मनुष्याचे काम फुकट जाते असे नव्हे. १८४५ साली नागपुरास आलेले स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून बोरीकडे एकटे परतत असता नाल्याच्या पुरात बुडाले. त्या वेळी त्यांना सेहेचाळिसावे वर्ष पुरे व्हावयास चार दिवस उरले होते. गोंड आदी लोकांविषयी त्यांनी जमवलेले टिपण अपुरेच राहिले. ते रिचर्ड टेंपल ह्यांनी संपादून १८६६ साली छापून काढले, आणि त्यांच्या शाळेतून पुढे नागपूरचे हिस्लॉप कॉलेज उभे राहिले. जो अवचित जातो त्याचे अपुरे काम उचलणे हे मागच्यांना एक आधाराचे काम होते.

५. सावकाश मरणाचे विशेष ओझे

सावकाश मरणाची देणगी म्हणजे अवकाश. याकोबाने अंथरुणावर उठून बसून नातवांच्या मस्तकी हात ठेवले, बारा पुत्रांना जवळ बोलावले, आपल्याला कोठे पुरावे ते सांगितले. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे दुष्काळात उपासमारीने क्षीण होऊन वारले. अंध झालेल्या त्या पित्याने धाकट्या लेकीला जवळ घेऊन देवाच्या हाती सोपवले. तीस वर्षे उलटून गेल्यावरही रमाबाईंनी आपल्या साक्षीत तो निरोप आठवून लिहिला. त्याच रमाबाईंचे पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने गेले, तेव्हा लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती आणि कडेवर तान्ही मनोरमा होती. दोन्ही मरणे त्यांनी पाहिली. त्यांतल्या भुकेने आलेल्या सावकाश मरणाला कोणी सोपे म्हणू शकेल काय? पण त्यातून एक आशीर्वाद हाती राहिला.

अमेरिकेत १९४२ च्या नोव्हेंबरात बोस्टन शहरी एका करमणूकगृहाला आग लागून ४९२ माणसे मेली. वाचलेल्यांची व मृतांच्या आप्तांची शुश्रूषा करताना एरिख लिंडेमान ह्या वैद्याने शोकाचा अभ्यास केला व १९४४ साली तो प्रसिद्ध केला. मरणाआधीच सुरू होणाऱ्या शोकाकडे त्याने त्यात लक्ष वेधले. रणांगणावर गेलेल्या शिपायांच्या घरच्यांनी त्यांना मनातून आधीच इतके निरोप दिलेले असत की, शिपाई जिवंत परतला तर घरात त्याला जागा उरलेली नसे. म्हणजे आधीचा शोक दुधारी आहे. खाटेवरच्या मनुष्याला जिवंतपणीच गेलेला समजून कोणी त्याच्याशी बोलणेच सोडून देतो, हे आपणही पाहतो.

पुढील संशोधनात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. दीर्घ आजार होता एवढ्याने मनाची तयारी होत नाही. महिनोन्‌महिने सेवा केलेले पुष्कळ आप्तही शेवटच्या घडीला अगदी बेसावध असतात, आणि त्यांचे दुःख अधिक बिकट होते. ह्याचे कारण आपल्या गावांत उघड आहे. आपण खरे सांगत नाही. डॉक्टर मुलाच्या कानात सांगतो, मुलगा आईपासून लपवतो, आई नवऱ्यासमोर हसते, आणि नवरा सर्व ओळखून गप्प राहतो. चौघे एका छपराखाली, आणि चौघेही एकटे. देवाने दिलेला अवकाश अशा रीतीने हातचा जातो. मग सावकाश मरणही आकस्मिक होऊन बसते.

शेवटी सुटकेची भावना. वर्षभर कूस बदलवून, मळ काढून थकलेल्या सुनेला सासू गेल्यावर प्रथम हलके वाटते, आणि लगेच त्या हलकेपणाची लाज वाटते. तिला सांगावे, बाई, हे पाप नव्हे. थकलेल्या देहाला विसावा हवा असतो. तू तिच्या यातनांचा अंत इच्छिलास, तिचा नव्हे.

हेही ध्यानात असावे की, सावकाश मरण यातनामयच असले पाहिजे असे नाही. १९६७ साली सिसिली साँडर्स ह्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर ही मरणासन्नांच्या शुश्रूषेची संस्था उघडली. आपल्या मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती अवेदना हे तसे पहिले गृह सुरू झाले. वेदनाशमनासाठी मॉर्फिन मिळणे सुलभ व्हावे म्हणून मादक पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आहे. रोगी बरा होणार नाही असे कळले म्हणजे "घरी न्या" ऐकून मुकाट परतू नये. वेदना थांबवण्याचा उपाय कोठे मिळेल, हे जिल्हा रुग्णालयात आवर्जून विचारावे.

६. मग उत्तर काय?

आमचे उत्तर असे. मरणाच्या वेगावरून मागच्यांच्या दुःखाचे माप ठरत नाही. आकस्मिक मरणाचा पहिला घाव बहुधा अधिक खोल असतो, हे खरे. तथापि दुःख पुढे बरे होईल की चिघळेल, हे मुख्यतः तीन गोष्टींवर राहते : बोलावयाचे ते बोलून झाले होते काय, मरणारा यातनांत गेला काय, आणि मरणानंतर घर एकटे पडले काय. पहिली गोष्ट आपण आजच हाती घेऊ शकतो. दुसरीत आपण मदत करू शकतो. तिसरी तर सर्वस्वी मंडळीवर सोपवलेली आहे.

म्हणून ज्या घरी आकस्मिक मरण झाले तेथे उपदेशकाने आधी थोडे बोलावे. ईयोबाची दहा लेकरे एका वादळात घर कोसळून गेली. त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने भुईवर बसले. ते चुकले ते नंतर, बोलू लागले तेव्हा. शक्य असेल तर मृताचे मुख घरच्यांना पाहू द्यावे. पंचनामा व शवविच्छेदन ह्यांना लोक भितात. त्या वेळी कोणी जाणता भाऊ बरोबर असावा, कारण सर्पदंश, वीज किंवा अपघात ह्यांनी शेतकरी गेल्यास सरकारी साहाय्य ह्याच कागदांवर मिळते. पाव्हणे परतल्यावर, दुसऱ्या व तिसऱ्या महिन्यात, पुन्हा जावे. पुष्कळ महिने लोटूनही जो अन्नपाण्याला, कामाला व माणसांना विटलेला राहतो, त्याला डॉक्टरकडे न्यावे. असा लांबलेला शोक हा आजार आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही मानले आहे. त्याला अविश्वासू म्हणू नये.

ज्या घरी सावकाश मरण चालले आहे तेथे मरणाआधी जावे. मंडळीतील बायकांनी पाळी लावून एकेक रात्र जागावी, म्हणजे घरची सून झोपेल. रोगी स्वतः विचारील तर त्याला खोटे सांगू नये. भांडलेल्या भावाला बोलावून आणावे. आणि तेवढ्यावर निश्चिंत राहू नये; कारण याकोबाचे मरण इतके व्यवस्थित झाले, तरी बाप गेल्यावर योसेफाच्या भावांना पुन्हा भय वाटलेच, आणि योसेफाला पुन्हा एकदा क्षमेचे आश्वासन द्यावे लागले. मरणानंतरही घरात समेटाचे काम उरते.

आपणा स्वतःसाठीही एक गोष्ट. कोणते मरण येईल हे निवडणे आपल्या हाती नाही. म्हणून जे सावकाश मरणाऱ्याने करावयाचे ते धडधाकट असतानाच करून ठेवावे. देणे-घेणे लिहून ठेवावे, जमिनीचे कागद बायकोला दाखवावे, आणि रागाने घराबाहेर पडू नये. मग मरण बांधीत आले काय किंवा खाटेवर आले काय, मागे राहिलेल्यांना अबशालोमाच्या बापासारखे वेशीवर बसून रडावे लागणार नाही. त्यांना रडू येईल, पण त्या रडण्याला आशेचा ठाव असेल. कारण मेलेल्यांतून उठलेला प्रभु दोन्ही वाटांच्या शेवटी उभा आहे.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

(१) मूल मेल्यावर दावीद जेवला आणि अबशालोम मेल्यावर त्याचे सांत्वन होईना. ह्याची कोणती कारणे तुम्हांस दिसतात?

(२) शिलोहाच्या बुरुजाविषयी प्रभूने दिलेले उत्तर ऐकल्यावर, वीज पडून मेलेल्याच्या घरी आपण कोणती वाक्ये बोलू नयेत?

(३) आपल्या गावात आज कोणाच्या घरी दीर्घ आजार आहे? ह्या आठवड्यात तेथे रात्री जागावयास कोण जाईल? नावे येथेच ठरवावी.

(४) आपण आज गेलो तर कोणाशी बोलावयाचे राहून जाईल? ह्याचे उत्तर मोठ्याने देऊ नये. घरी जाताना त्याच्याकडे वळून जावे.